भामाबाईंच्या चाळीस काडेपेट्या

मुक्ता आणि निखिल,

गेल्या रविवारी फोनवर मुक्ताने विचारलं, "आजी, ज्याच्यावर तुझा पूर्ण विश्वास होता अशा माणसाने तुला कधी फसवलंय?" मी "हो" म्हणाले आणि लगेच तुमच्याकडे थंडी किती आहे ते विचारलं. मुक्ता समजूतदार आहे, तिने पुढे काही विचारलं नाही. पण तिच्या प्रयोगशाळेत काय घडलं ते तिने मला सगळं सांगितलं होतं आणि मी तिला अर्धंच उत्तर दिलं, हे बरं झालं नाही. शिवाय पुढच्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डाव्याचा आता फारसा भरवसा नाही. तेव्हा राहिलेलं उत्तर आत्ताच लिहून टाकते.

मी एकोणीसशे बहात्तर सालाबद्दल बोलते आहे. तुमचे आजोबा तेव्हा माझ्या आयुष्यात नव्हते. मी तेवीस वर्षांची होते, पुण्यात बी.एस्सी. झाले होते, आणि नगर जिल्ह्यात, जामखेडच्याही पलीकडे, एका आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून लागले होते. प्रयोगशाळा म्हणजे उत्तरेच्या खिडकीपाशी एक टेबल, त्यावर एक मायक्रोस्कोप आणि काचपट्ट्यांच्या दोन पेट्या. वीज नव्हती. मायक्रोस्कोपच्या खालच्या आरशाने आभाळाचा उजेड पकडायचा आणि काम करायचं. माझं मुख्य काम लोकांची विष्ठा तपासण्याचं होतं. तुम्ही नाक मुरडाल, मीही पहिले आठ दिवस जेवले नव्हते. नाक मुरडायचं मी थांबवलं ते भामाबाईंमुळे.

भामाबाई केंद्रातल्या परिचर. झाडणं, सुया उकळणं, रोग्यांना ओळीत बसवणं ही त्यांची कामं. वय विचारलं की म्हणायच्या, "माजी आई पलेगाच्या साली सासरी आली. तितनं तुमी मोजा." पंचेचाळिशीच्या असाव्यात. अंगाने उंच आणि सुकलेल्या, लुगडं गुडघ्याच्या खालपर्यंत घट्ट आवळलेलं, पायात मोटारीच्या टायरच्या चपला. नवरा लवकर गेला. त्यानंतरही दहा हंगाम त्या संगमनेरकडे ऊसतोडीला गेल्या होत्या. डाव्या हाताच्या दोन बोटांवर कोयत्याच्या खुणा होत्या. पाणी पिण्याआधी त्या तांब्याचा वास घेत, मग एक घोट तोंडात धरून ठेवत, मग गिळत. चांगलं पाणी असेल तर मान हलवत, एखाद्या ओळखीच्या माणसाला पाहिल्यासारखी.

मी रुजू झाले त्याच दिवशी त्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, ह्या दुर्बिनीत पोटातलं दिसतं म्हनं?"

मी म्हटलं, "पोटातलं बाहेर आलेलं दिसतं."

"मंग आदी माजं बगा. लोकान्ला सांगायचं आन् आपलं झाकून ठिवायचं, हे काय खरं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काडेपेटीत हरभऱ्याएवढा नमुना आणून दिला. त्या काळी डब्या मिळत नसत, रिकाम्या काडेपेट्याच चालायच्या. मी काच तयार केली. अंकुशकृमीची अंडी होती, पुष्कळ. मी त्यांना बघायला सांगितलं. एक डोळा हाताने झाकून त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

"भिजलेला साबुदाना दिसतुया," त्या म्हणाल्या. "आन् मधी जरा जरा दाळ टाकल्यावानी."

अंकुशकृमीच्या अंड्याचं इतकं बरोबर वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पातळ पारदर्शक कवच आणि आत चार-सहा पेशी, असंच ते दिसतं.

डॉक्टरांनी त्यांना औषध दिलं. तेव्हाचं औषध उपाशीपोटी घ्यावं लागे, तेलतूप चालत नसे आणि दिवसभर डोकं गरगरे, म्हणून पडून राहावं लागे. पंधरा दिवसांनी मी पुन्हा काच केली आणि त्यांना दाखवली. काही नव्हतं. "तुमची काच स्वच्छ आहे," मी म्हटलं. हे वाक्य त्यांनी गावभर सांगितलं. मला तेव्हापासून तिथल्या बायका काचवाल्या बाई म्हणू लागल्या.

हा कृमी पायाच्या कातडीतून आत शिरतो, ओल्या मातीत उघड्या पायांनी गेलं की. आतड्याला चिकटून रक्त पितो. हे सगळं आमच्या छापील पत्रकात होतं, पण पत्रकातला "अंकुशकृमी" हा शब्द कुणाच्या तोंडी बसेना. भामाबाईंनी त्याचं नाव आकडा ठेवलं, कारण तो आकड्यासारखा वाकडा असतो. अडचण एवढीच की तेव्हा गावोगाव मटक्याचा जुगार चाले आणि "आकडा लागला" म्हणजे जुगारात जिंकला. पहिल्याच सभेत, चावडीसमोर, भामाबाई एका म्हाताऱ्याला म्हणाल्या, "शंकरतात्या, तुमाला आकडा लागलाय." म्हातारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "कितीचा?"

लोक हसून लोळले. मला वाटलं, सभा गेली. भामाबाईंनी हसू ओसरू दिलं आणि म्हणाल्या, "मटक्याचा आकडा येकदा लागतो. ह्यो रोज लागतो, आन् रोज घोट-घोट रगात नेतो. आता सांगा, जिकलं कोन?" त्या सभेनंतर बत्तीस माणसांनी नमुने आणून दिले. माझ्या पत्रकाने चार आणले होते.

त्यांना शाळा नव्हती, पण डोळा होता. एकदा पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर आला. महिनाभर ताप, वजन उतरलेलं. दारू पिणारा होता, म्हणून सगळे म्हणाले, लिव्हर गेलं. डॉक्टर बाहेरगावी होते. भामाबाई त्याला व्हरांड्यातून चालत येताना बघत होत्या.

"बाई, हा उजव्या कुशीला हात धरून चालतुया. आन् खांदा दुखतो म्हनतो. ह्याला कवा आव झाली हुती का, इचारा."

विचारलं. तीन महिन्यांपूर्वी झाली होती, रक्ताची. औषध न करता तशीच थांबली होती.

"दारूचा न्हाई ह्यो. आवंचा हाय. ती खालून वर गेली."

आवेचा सूक्ष्म जंतू कधीकधी आतड्यातून यकृतात जातो आणि तिथे गळू करतो, हे मी शिकले होते. त्या कशा शिकल्या? ऊसतोडीच्या टोळीत त्यांच्या नवऱ्याला हेच झालं होतं. त्याला कुणी ओळखलं नव्हतं. डॉक्टर आल्यावर त्यांनी सुई घातली तेव्हा काकवीच्या रंगाचा पू निघाला, आणि ड्रायव्हर वाचला. पुढे तो टँकर घेऊन आला की आधी केंद्रापाशी थांबे आणि भामाबाईंची घागर भरून देई. त्या वास घेत आणि म्हणत, "तुज्या टाकीला चुना मारला न्हाईस, मेल्या."

मी हे एवढं लिहिते आहे ते कौतुकासाठी नाही. माझा त्यांच्यावर किती विश्वास होता, ते तुम्हाला कळावं म्हणून.

दुष्काळ वाढला तसं आमच्या केंद्रापासून तीन मैलांवर पाझर तलावाचं काम निघालं. चार गावांची माणसं माती उपसायला येत. बायका जास्त, कारण पुरुषांपैकी बरेच पोट भरायला बाहेर पडले होते. प्यायला टँकरचं पाणी. बाकी सगळ्यासाठी एकच जागा, नाल्याच्या वळणावर बाभळींची सावली. तिथली माती तेवढी ओलसर राहायची, आणि सगळे तिथेच अनवाणी जायचे. अंकुशकृमीला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. डॉक्टर म्हणाले, "आधी तपासा. ज्यांना आहे त्यांनाच औषध देऊ, साठा कमी आहे. आणि एक सूचना लिहून कामावर लावा."

सूचना मी लिहिली. मला शुद्धलेखनाचा अभिमान होता. त्यात एक वाक्य असं होतं: "ज्यांच्या तपासणीत कृमी आढळतील, त्यांना कामावरून सुटी देण्यात येईल." औषध घेऊन एक दिवस पडून राहता यावं, एवढाच माझा अर्थ होता. हजेरी मांडणाऱ्या कारकुनाने ती त्याच्या खोपीवर चिकटवली आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

नमुने गोळा करायचं काम मी भामाबाईंकडे दिलं. बायका माझ्याकडे देणार नाहीत, त्यांच्याकडे देतील, हे उघड होतं. चाळीस काडेपेट्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. त्याच सुमाराला माझ्या आईने पुण्याहून एस.टी.ने राजगिऱ्याचे लाडू पाठवले होते. भामाबाई सोमवार करत. दुष्काळात उपवासाला सुद्धा काही मिळेना, म्हणून मी अख्खा डबा त्यांना दिला. मंगळवारी सकाळी त्यांनी टोपलीत चाळीस पेट्या आणून माझ्या टेबलावर मांडल्या, गावाप्रमाणे ओळी करून.

मी दोन दिवस ते काम केलं. एकाही काचेत अंडं नव्हतं. मी नीटनेटकी होते, रजिस्टरात शेरा लिहायचा रकाना होता आणि तो मी रिकामा सोडत नसे. चाळीस नावांपुढे मी एकच शेरा लिहिला: बारीक गोल बियांची टरफलं. लिहिताना मला एकदाही थांबावंसं वाटलं नाही. मला फक्त आनंद झाला होता. चपला घाला, पाणी उकळा, नखं काढा असं आम्ही सहा महिने सांगत फिरलो, त्याचं हे फळ असं मी धरलं. डॉक्टरांना सांगितलं, नर्सला सांगितलं, टँकरच्या ड्रायव्हरलासुद्धा सांगितलं. भामाबाई भांडी घासत ऐकत होत्या. तलावाच्या कामासाठी राखून ठेवलेलं औषध दुसऱ्या केंद्राला पाठवून दिलं.

दोन महिन्यांनी शेवंताला बैलगाडीतून आणलं. कामावरची बाई, वीस-बावीस वर्षांची, सातवा महिना. ओठ, जीभ, नखं पांढरीफटक. चार पावलं टाकली की धाप. तिच्या ओच्यात भाजलेल्या मातीचे खडे होते, ती ते खात होती. शरीरात लोह उरलं नाही की असं होतं. मी तिचा नमुना स्वतः घेतला. एका काचेत मोजता येणार नाहीत एवढी अंडी.

रजिस्टर काढलं. शेवंताच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, कृमी नाहीत. त्यापुढे शेरा, टरफलं. मग मी वरचं नाव पाहिलं, खालचं पाहिलं, पान उलटलं. त्या तलावावर लाल मिलो ज्वारीच्या भाकरीशिवाय कुणाच्या पोटात काही जात नव्हतं. एवढ्या बारीक, गोल बिया कशाच्या असतात, ते मला तेव्हा आठवलं.

शेवंताला जीपमधून नगरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. जीप गेल्यावर मी मागच्या अंगणात गेले. भामाबाई केर काढत होत्या.

"भामाबाई, तलावावर सगळे राजगिऱ्याचे लाडू खातात का?"

त्यांनी केरसुणी थांबवली, पण हातातून सोडली नाही. "न्हाई. म्याच खाल्लं हुतं."

"चाळीसही तुमचेच?"

"माजी काच साफ हुती न्हवं. तुमीच दाखवली."

"का केलंत असं?"

"कारकुनानं वाचलं, किडं निगतील तिला सुट्टी. बाया रडत माज्याकडं आल्या. भामाक्का, सुट्टी दिली तर पोराबाळान्ला काय घालू?"

"एका दिवसाची सुटी होती ती. औषध घेऊन पडून राहायला."

त्या सावकाश म्हणाल्या, "एक दिसाची, आसं कुटं लिवलं हुतं?"

लिहिलं नव्हतं. त्यांच्या बोलीत "सुट्टी दिली" म्हणजे काढून टाकलं. गड्याला सुट्टी दिली, म्हणजे उद्यापासून येऊ नकोस. सूचना लिहिली तेव्हा मी सहा महिने त्या लोकांमध्ये राहिले होते आणि हे मला माहीत नव्हतं.

"मला विचारायचं होतंत."

"इचारून काय झालं असतं? तुमी हाय ते लिवलं असतं. तुमचा हात खोटं लिवत न्हाई, समद्यान्ला ठावं हाय. म्हनून तुमच्याम्होरं खरीच काच ठिवली."

हे त्या टोचून बोलत नव्हत्या. त्यांना खरोखर वाटत होतं की त्यांनी माझी काळजी घेतली.

"आणि शेवंता? तिची जीभ तुम्हाला दिसली नाही? टँकरवाल्याचा खांदा दिसला तुम्हाला."

आता त्या खाली बसल्या. "दिसली. तिनंच हात जोडलं. म्हनली, बाळंत हुईस्तवर नाव ऱ्हाऊ द्या. मी म्हनलं, बाजारच्या दिशी काम बंद असतंय, तवा गुपचूप हिकडं आनीन तुला."

"मग आणली का नाहीत?"

त्यांनी केरसुणीच्या काड्या सारख्या केल्या.

"तुमी लई खूश हुता, बाई. ज्याला त्याला सांगत हुता, तलाव साफ निगाला म्हनून. मंग कोन्या तोंडानं आनू?"

मुक्ता, याला काय म्हणायचं ते मी पन्नास वर्षं ठरवते आहे.

शेवंता नगरच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी वारली, पोटातल्या बाळासकट. गरोदरपणात ते औषध आम्ही तिला दिलं नसतं, पण लोहाच्या गोळ्या दिल्या असत्या, टोपल्या उचलण्याचं काम बंद केलं असतं, रक्त द्यायला वेळेत पाठवलं असतं. दोन महिने हातात होते. ते दोन महिने त्या काडेपेटीबरोबर गेले.

डॉक्टरांनी माझ्याकडून लेखी अहवाल मागितला. मी तो इंग्रजीत लिहिला, दीड पान. काडेपेट्या, टरफलं, तारखा, सगळं होतं. सुटी हा शब्द त्यात नव्हता. मी तो गाळला. भामाबाईंनीही चौकशीत तो काढला नाही. कारकुनाने वाचलं एवढंच म्हणाल्या. कुणी लिहिलं, ते म्हणाल्या नाहीत. आठवड्यात त्यांना कामावरून कमी केलं. जाताना त्यांनी माझ्या टेबलावरचा आरसा पदराने पुसला, रोज पुसत तसा, आणि म्हणाल्या, "तपासता कशाला, बाई? ज्याच्या पायात चप्पल न्हाई त्याच्या पोटात हायेच. बाजारच्या दिशी समद्यान्लाच पाजा."

मी हे डॉक्टरांना सांगितलं, त्यांच्या नावानिशी. डॉक्टर म्हणाले, "हे आपल्याला आधी का सुचलं नाही?" औषध परत मागवायला तीन आठवडे लागले.

मग एका बाजारच्या दिवशी, कामाची हजेरी बंद असताना, आम्ही तलावाच्या भरावावर टेबल मांडलं. गरोदर आणि फार अशक्त बायकांना बाजूला काढून लोहाच्या गोळ्या दिल्या, बाकी सगळ्यांना औषध. विश्रांतीला ताडपत्रीची सावली केली होती. ओळ लांब होती. मी नाव विचारायची, लिहायची, नर्स औषध द्यायची. दुपारच्या सुमाराला मान वर केली तर समोर भामाबाई उभ्या होत्या. आता त्या तलावावर टोपल्या उचलत होत्या. डोक्याला फडकं, हातांवर मातीची पुटं. माझा हात थांबला.

मागची बाई म्हणाली, "अक्का, सरका की."

भामाबाई म्हणाल्या, "नाव लिवा, बाई. मागं बाया उनात हायेत."

मी लिहिलं. त्यांनी औषध घेतलं, तोंड उघडून नर्सला दाखवलं आणि ताडपत्रीकडे न जाता सरळ गावाच्या वाटेला लागल्या. मी हाक मारली नाही. पुढच्या वर्षी माझी केडगावला बदली झाली आणि मग लग्न.

तो तलाव अजून आहे, पावसाळ्यानंतर तीन-चार महिने त्यात पाणी असतं. बाजारच्या दिवशी सगळ्यांना औषध द्यायची पद्धत मी निघाले तेव्हा तिथे चालू होती, पुढचं मला माहीत नाही. भामाबाई गेल्याचं मला बऱ्याच वर्षांनी, जामखेडच्या स्टँडवर, त्यांच्या जावेकडून कळलं. आणि माझा राग अजून आहे, त्यांच्यावरचा बराचसा आणि स्वतःवरचा थोडा. वयाबरोबर तो निवळला असं तुम्हाला लिहिलं असतं, पण तो निवळलेला नाही.

तुमची आजी